ठाणे-नवी मुंबईत जुनी चेन सॉ घ्यायची आहे : साडेसात हजारांत काय पाहून घ्यावे?

कोलशेतचा_सुतार (शनिवार, सकाळी ८.४०)

नमस्कार मंडळी. कोलशेतला भाड्याच्या एका लहानशा गाळ्यात मी बाकडी, पाट आणि लेथवरची लाकडी भांडी करतो. चांगले लाकूड विकत घेणे परवडत नाही, म्हणून पावसाळ्यात सोसायट्यांच्या आवारात उन्मळून पडलेल्या रेन ट्री, गुलमोहर आणि क्वचित आंब्याचे ओंडके सोसायटीची लेखी संमती घेऊन आणि झाड उचलणाऱ्या ठेकेदाराशी बोलून मी गाळ्यावर आणतो. आजवर ठेकेदाराची माणसेच ओंडके कापून देत आली. पण ती टेम्पोत मावतील असे दोन-दोन फुटांचे तुकडे करतात आणि बाकड्याला हवी असलेली चार फुटांची लांबी कायमची हातची जाते. त्यामुळे स्वतःची चेन सॉ, म्हणजे साखळीची यंत्रकरवत, घ्यावी असे ठरवले आहे. रक्कम एकूण साडेसात हजार रुपये आहे आणि त्यात सगळेच बसवायचे आहे, त्यामुळे नवीन घेण्याचा प्रश्न येत नाही.

सध्या तीन सॉ नजरेत आहेत. तुर्भ्याच्या एका छाटणी ठेकेदाराकडे चिनी बनावटीची, ५८ सीसीची आणि २२ इंची बारची (ज्या पट्टीभोवती साखळी फिरते ती) सॉ असून ती तो ३,५०० रुपयांना देतो आहे. घणसोलीच्या एका गृहस्थांकडे स्टिल (Stihl) कंपनीची एमएस १८० आहे. ती कर्जतच्या फार्महाउसवर दोन वर्षे पडून होती आणि ते ८,००० रुपये सांगतात. तिसरी ऐरोलीतली, विजेवर चालणारी, १६ इंची, २,८०० रुपयांची. खरे सांगायचे तर मन ५८ सीसीवाल्या सॉकडे ओढ घेते आहे, कारण रेन ट्रीचा बुंधा कधी कधी दोन फुटांच्या वर जातो. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाडीवाली (शनिवार, सकाळी ९.२५)

आमच्या उरणच्या वाडीत मी चार वर्षे विजेवरची सॉ वापरते आहे, म्हणून तिच्या बाजूने चार शब्द लिहिते. पेट्रोल नाही, कार्बोरेटर नाही, दोरी ओढून खांदा उखळून येत नाही आणि शेजारी तक्रार करत नाहीत. तुम्ही ओंडका गाळ्यावर आणूनच कापणार असाल तर २,८०० रुपयांत तुमचे काम होते आणि उरलेल्या पैशांत तीन साखळ्या येतात. मात्र एक्स्टेन्शनची वायर जाड हवी. लांब, बारीक वायरवर विजेचा दाब कमी होतो, मोटर गरम होते आणि मग दोष यंत्राला दिला जातो. जुनी विजेवरची सॉ घेताना बटण दाबून सोडावे आणि साखळी किती वेळात थांबते ते पाहावे. शिवाय मोटरच्या झरोक्याशी नाक नेऊन जळका वास येतो का तेही पाहावे.

कोलशेतचा_सुतार (शनिवार, सकाळी ९.५०)

ताई, अडचण तिथेच आहे. चार-पाचशे किलोचा बुंधा अखंड उचलून आणायला क्रेन लागते. कापावे लागते ते सोसायटीच्या आवारात, भर पावसात, आणि तिथे विजेचा प्लग मिळत नाही. मिळाला तरी ओल्या जमिनीवर वायर टाकायची माझी हिंमत नाही.

जुना_फिटर (शनिवार, दुपारी १२.१५)

मी एकतीस वर्षे वागळे इस्टेटमध्ये इंजिनांची कामे केली. पंप, जनरेटर, फवारणी यंत्रे आणि गेली काही वर्षे या सॉ. धागाकर्त्यांना पहिली विनंती अशी की सीसी आणि बारची लांबी हे दोन आकडे काही दिवस डोक्यातून काढून टाकावेत. जुन्या टू-स्ट्रोक यंत्रात तुम्ही पिस्टन आणि सिलिंडर विकत घेत असता. त्याच्या भोवतीचे प्लास्टिक, दोरी, साखळी, बार हे सगळे बदलता येते. सिलिंडर ओरखडलेला असेल तर त्या किमतीत दुसरी सॉ येते.

तो ओरखडा बाहेरून दिसत नाही, पण पाहायला पाच मिनिटे पुरतात. यंत्र थंड असताना सायलेन्सरचे नट-बोल्ट काढावेत, सायलेन्सर बाजूला करावा आणि धूर बाहेर जाण्याच्या भोकातून मोबाइलची बॅटरी मारावी. दोरी हळूहळू ओढत पिस्टन वर-खाली करावा. पिस्टनची बाजू मंद रुपेरी दिसली आणि कारखान्यात खराद केलेल्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत असल्या तर यंत्र निरोगी आहे. उभे ओरखडे दिसले, म्हणजे कोणी शिसपेन्सिलीने वरून खाली रेघोट्या ओढल्यासारखे, तर त्या यंत्राला कधीतरी तेल न मिसळता पेट्रोल पाजले गेले आहे किंवा हवा जास्त आणि पेट्रोल कमी अशा अवस्थेत ते तापून चालले आहे. पिस्टन पूर्ण खाली नेला की समोरची, म्हणजे पेट्रोल-हवा आत येण्याच्या बाजूची भिंत दिसते. तिथे ओरखडे असतील तर एअर फिल्टर फाटका होता आणि भुसा आत गेला असे समजावे. विक्रेता सायलेन्सर उघडू देत नसेल तर चहा पिऊन परत यावे.

दुसरे, विकणाऱ्याला आधीच फोन करून सांगावे की मी येण्यापूर्वी सॉ सुरू करू नका. पोहोचल्यावर सगळ्यात आधी सायलेन्सरला हात लावून पाहावा. तो कोमट लागला तर थंड असताना ती सुरू होत नाही, हे विक्रेत्याने तुम्हाला न बोलता सांगितले आहे.

तिसरे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती दाबतो ते. दाब मोजायचे गेज असेल तर उत्तम: स्पार्क प्लगच्या जागी बसवून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, काटा स्थिर होईपर्यंत सहा-सात वेळा दोरी ओढावी. १५० पीएसआयच्या आसपास आकडा आला तर आनंदाने घ्यावी. ११० च्या खाली गेला तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर दमलेला आहे. गेज नसेल तर इंजिन बंद ठेवून संपूर्ण सॉ स्टार्टरच्या मुठीला धरून लटकवावी. कॉम्प्रेशन चांगले असेल तर ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली येते. विहिरीत पोहरा सुटावा तशी सरसर खाली आली तर नमस्कार करावा. ही चाचणी ढोबळ आहे, पण रस्त्यावर उभे राहून करता येते.

बारच्या लांबीविषयी एवढेच, की १६ इंची बारने दोन्ही बाजूंनी कापत गेले तर दोन फुटांचा बुंधा सहज तुटतो. ५८ सीसीचे दमलेले इंजिन २२ इंची बार ओढताना अर्ध्या कापात गुदमरते आणि तेव्हा माणूस वरून जोर देऊ लागतो. अपघात तिथेच होतात.

पानगळ (शनिवार, दुपारी १.०५)

वर उत्तम माहिती आली आहे, तरी विषयाला धरूनच एक गोष्ट नोंदवतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, त्यामुळे उभे झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. जागा आपली आहे एवढे कारण पुरत नाही. पडलेल्या झाडाचे लाकूड नेतानाही धागाकर्ते लेखी संमती घेतात हे योग्यच आहे, तो कागद टेम्पोत सोबत ठेवावा. आणि येऊरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत पडलेली वाळकी फांदीसुद्धा उचलू नये. तिथे सॉ घेऊन सापडलात तर बाकड्यांचा विषय कोणी ऐकून घेणार नाही.

भुसा_भुसा (शनिवार, दुपारी ३.३०)

जुना_फिटर यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण चिनी सॉला इतके झिडकारणे मला पटत नाही. माझ्याकडे अशीच ५२ सीसीची आहे. तिचा कार्बोरेटर, ठिणगी देणारी कॉइल, क्लच, अगदी पिस्टन-सिलिंडरचा जोडसुद्धा मुंबईत नागदेवी गल्लीत किंवा ऑनलाइन सहज आणि स्वस्तात मिळतो, कारण पंचवीस नावांनी विकल्या जाणाऱ्या या सॉ आतून जवळजवळ एकच असतात. नामांकित कंपनीच्या सॉचा एक अस्सल भाग घ्यायला जा, म्हणजे बजेट म्हणजे काय ते कळते. ज्याला स्वतःच्या हाताने पाना फिरवता येतो त्याच्यासाठी चिनी सॉ हा वाईट सौदा नाही.

जुना_फिटर (शनिवार, सायंकाळी ६.४५)

भुसा_भुसा, तुमचे म्हणणे मान्य आहे आणि मी ती झिडकारलेलीही नाही. माझा आक्षेप ठेकेदाराच्या सॉला आहे, मग ती कोणत्याही देशाची असो. छाटणीच्या कामावरची सॉ रोज चार माणसांच्या हातांतून जाते, तेल ज्याला आठवेल तो घालतो आणि धार बोथट झाली की कानस लावण्याऐवजी जोर लावला जातो. घरगुती माणसाची पडून राहिलेली सॉ त्याच्या उलट असते. तिचे आतले सगळे नवे आणि रबराचे सगळे मेलेले.

हे रबराचे प्रकरण नीट समजून घ्यावे, कारण भाव पाडण्याची खरी जागा तीच आहे. आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलीला तोटा नाही. पाणी धरलेले इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळे होऊन बसते. तिथे पेट्रोलची नळी फुगते किंवा तडकते, आणि कार्बोरेटरमधला कागदासारखा पातळ पडदा, ज्याला आपण डायफ्रॅम म्हणतो, तो कडक होतो. असा पडदा हलत नाही, पेट्रोल पुढे जात नाही आणि मालकाला वाटते की इंजिन गेले. प्रत्यक्षात काही शे रुपयांचे डायफ्रॅम किट, नळी आणि टाकीतला फिल्टर एवढ्यावर ते उठून बसते. मात्र एमएस १८० पाहायला जाल तेव्हा ती अस्सल आहे ना, एवढे आधी पाहा. या कंपनीच्या रंगसंगतीच्या नकला बाजारात पुष्कळ आहेत. अस्सल सॉच्या बॉडीवर अनुक्रमांक ठोकलेला असतो, नुसता स्टिकर नसतो. आणि आतल्या बऱ्याच भागांवर भाग क्रमांक उमटवलेला असतो, ज्याची सुरुवात या मॉडेलसाठी ११३० ने होते. इंजिन ३१.८ सीसीचे आहे.

कोलशेतचा_सुतार (रविवार, रात्री ९.१०)

आज दोन्ही ठिकाणी जाऊन आलो. उशिरा लिहितो आहे, पण तपशिलात लिहितो.

तुर्भ्याला पोहोचलो तेव्हा ठेकेदार हसतमुखाने म्हणाले, "एका दोरीत सुरू होते, बघा." मी आधी सायलेन्सरला हात लावला. बोट मागे घ्यावे लागले! फोन करून सांगितलेले असूनही सॉ तापवून ठेवली होती. तरी आलोच आहे म्हणून ती निवेपर्यंत थांबलो, त्यांच्याच पान्याने सायलेन्सर काढला आणि आत बॅटरी मारली. फिटरकाका, तुम्ही शिसपेन्सिल म्हणालात. मला तर मांजराने नखे मारल्यासारखे दिसले. एक ओरखडा इतका खोल होता की त्यात रिंगेची कड अडकल्यासारखी वाटत होती. ठेकेदारांनी लगेच भाव २,५०० वर आणला. मी आभार मानून निघालो.

घणसोलीची सॉ पोत्यात गुंडाळलेली होती. बॉडीवर ठोकलेला क्रमांक आहे, ११३० चे आकडेही दिसले. टाकीचे झाकण उघडताच आंबलेल्या वार्निशसारखा वास आला. दोन वर्षांपूर्वीचे पेट्रोल तसेच आत होते. वीस वेळा दोरी ओढूनही ती सुरू झाली नाही. प्लग काढून पाहिला तर कोरडा खडखडीत. लटकवल्यावर मात्र ती जागीच थांबली, मग थोडी घसरली, पुन्हा थांबली. भोकातून पाहिले तर पिस्टन रुपेरी आणि आडव्या रेघा स्पष्ट. गृहस्थ म्हणतात, "बंदच आहे तर सहा हजार द्या." मी उद्या कळवतो असे सांगून आलो आहे. न चालणारे यंत्र पैसे देऊन घ्यावे का, या विचाराने पोटात गोळा आला आहे.

जुना_फिटर (रविवार, रात्री ९.४०)

प्लग कोरडा आहे, याचा अर्थ पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. पिस्टन स्वच्छ, कॉम्प्रेशन आहे. आता फक्त ठिणगी पाहायची राहिली: प्लग त्याच्या वायरच्या टोपीत बसवून त्याची धातूची बाजू सिलिंडरवरच्या धातूच्या पात्यांना टेकवा, प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलपासून दूर, आणि सावलीत दोरी ओढा. निळसर ठिणगी दिसली तर पाच हजारांच्या आत घ्या. दिसली नाही तर कॉइलचा खर्च धरून त्याहून खाली या.

भुसा_भुसा (रविवार, रात्री १०.०५)

त्याच वेळी फ्लायव्हील, म्हणजे दोरीबरोबर फिरणारे इंजिनाचे जड चाक, हाताने हलवून पाहा. वर-खाली खेळ जाणवला तर बेअरिंग गेले. क्लचचा ड्रम निळा पडला असेल तर कोणीतरी साखळीचा ब्रेक लावलेला ठेवूनच सॉ रेटलेली आहे. आणि साखळी फिरवणाऱ्या स्प्रॉकेटवर साखळीने खाच पाडली आहे का तेही बघा. अर्ध्या मिलिमीटरहून खोल असेल तर तो बदलावा लागतो, नाहीतर नवी साखळीही लवकर बाद होते.

वाडीवाली (सोमवार, सकाळी ७.५०)

मी विजेचा हट्ट सोडते, पण एक विनंती आहे. साडेसात हजारांतून सुरक्षेचे पैसे आजच वेगळे काढून ठेवावेत, उरले तर बघू असे म्हणू नये. आमच्याकडे झाडे छाटायला येणारी माणसे स्लिपर घालून येतात आणि त्यांना पाहून मलाच घाम फुटतो. पेट्रोलच्या सॉचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबलच्या वर असतो, म्हणून कानावरचे मफ हवेतच. पोलादी टोपीचे बूट आणि चष्मा हवा. साखळी अडकवून थांबवणारी खास पँट महाग पडते. ती मिळेपर्यंत जाड जीनवर विसंबून राहू नये, कारण जीन साखळीला थांबवत नाही. बारच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडाला स्पर्श झाला तर सॉ डोळ्याचे पाते लवायच्या आत तोंडाकडे उसळते, म्हणून टोकाने कधीही कापू नये आणि खांद्याच्या वर सॉ नेऊ नये.

कोलशेतचा_सुतार (पुढचा रविवार, सायंकाळी ७.२०)

धागा वर काढतो आहे, कारण सॉ घेतली.

ठिणगी निळी आली. फ्लायव्हीलला खेळ नव्हता, ड्रम काळसर पण निळा नव्हता. घासाघीस करून ४,८०० रुपयांवर सौदा ठरला; गृहस्थांनी मूळ पुस्तिका आणि एक पाना आपणहून दिला. गाळ्यावर आणून जुने पेट्रोल ओतून टाकले. टाकीतली नळी ओढताच हातात तुटून आली, आत ती डिंकासारखी चिकट झाली होती. कार्बोरेटर उघडला तर त्यातला पडदा उन्हात वाळलेल्या पापडासारखा. बोटाने दाबला की टक् असा आवाज करायचा. किट, नळी, फिल्टर आणि प्लग यांचे ८५० रुपये झाले. नवे पेट्रोल आणले, लिटरला २० मिली टू-स्ट्रोक तेल मोजून घातले, कारण पुस्तिकेत ५० ला १ असे प्रमाण आहे. पाचव्या दोरीला ती एकदा खोकली आणि सातव्या दोरीला सुरू झाली. गाळ्याच्या शेजारचे वेल्डर टाळ्या वाजवत आले.

मग एक नवे संकट आले. साखळी कोरडी फिरत होती. पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर बारचे टोक धरून रेस दिली, तर पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटायला हवी होती, ती उमटेना. पंप गेला म्हणून मी हातपाय गाळले. पण बार काढून पाहिला तेव्हा त्यातले तेलाचे बारीक भोक वाळलेल्या भुशाने आणि जुन्या तेलाच्या लेपाने बुजलेले आढळले. तारेने साफ केले आणि पुढच्या रेसला पुठ्ठ्यावर काळपट पट्टा उमटला. ब्रेकही तपासला: ब्रेक लावून क्षणभर पूर्ण रेस दिली, साखळी जागची हलली नाही, आणि ब्रेक सोडून मंद गतीवर ठेवली तेव्हाही साखळी स्थिर राहिली.

नवी साखळी ९००, दोन गोल कानशी आणि त्यांची पट्टी ३५०, चष्मा आणि कानाचे मफ ७००. एकूण ७,६०० झाले, म्हणजे शंभर रुपये वर गेले. बूट माझ्याकडे होतेच.

जुना_फिटर (पुढचा रविवार, रात्री ८.००)

अभिनंदन. कानस कोणत्या मापाची घेतली? तुमच्या बारच्या शेपटीजवळ साखळीचे माप कोरलेले असेल. ३/८ पी असेल तर ४ मिमीची कानस लागते. दुकानदार बहुधा ४.८ ची हातात देतात, ती ०.३२५ मापाच्या साखळीची आहे आणि तुमच्या दाताचा आकार बिघडवील. मिसळलेले पेट्रोल महिन्याच्या आत संपवा. काम झाले की टाकी रिकामी करून, सॉ आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पडद्यावर काही राहत नाही.

कोलशेतचा_सुतार (पुढचा रविवार, रात्री ८.३५)

काका, ४.८ चीच दिली आहे! उद्या जाऊन बदलून आणतो. आणि कानशीची गरज आजच पडली. मानपाड्याच्या एका सोसायटीतून आणलेल्या गुलमोहराच्या ओंडक्यात तिसऱ्याच कापाला ठिणग्या उडाल्या. आत कोणा क्लासच्या जाहिरातीचा पत्रा ठोकलेला खिळा होता, वरून साल वाढून तो पूर्ण झाकला गेला होता. नव्या साखळीचे सात दात गेले.

भुसा_भुसा (पुढचा रविवार, रात्री ८.५०)

शहरातल्या झाडात खिळा, केबलची तार, दिव्यांच्या माळेचा हूक, काहीही सापडते. कापण्याआधी ओंडक्यावरून एक मजबूत चुंबक फिरवत जा. खोलवरचा खिळा त्याला सापडत नाही, पण सालीखालचा सापडतो. लाकडात निळा-काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असे धरूनच चालावे. आणि जुनी साखळी फेकली नसेल तर आवारातल्या पहिल्या कापांना तीच लावा.

कोलशेतचा_सुतार (पुढचा रविवार, रात्री ९.०५)

जुनी साखळी डब्यात आहे. उद्या कानस बदलून आणली की आधी तिलाच धार लावतो. शनिवारी वर्तकनगरला रेन ट्रीचा एक बुंधा न्यायला बोलावले आहे.